यमूची दोन बोटं

"बाई, पिशवी सकाळधरनं भरून ठेवलीया बगा," शेवंताकाकू म्हणाली आणि तिने कापडी पिशवी माझ्या खुर्चीशी आणून ठेवली. "तीन झगे, दोन परकर, आन् ती घेतल्याबिगार झोपत न्हाई ती चादर. बाकी काय लागतंय तिला!"

पडवीसमोरच्या सारवलेल्या अंगणात, कडुनिंबाखाली माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची टाकली होती. तासगावपासून चार-पाच मैलांवरचा तो मळा. मार्च संपत आला होता. समोर बेदाण्याची शेड होती. हिरव्या कापडाच्या सावलीत, एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडली होती आणि खाली सात-आठ बायका सुकलेल्या बेदाण्यांतल्या काड्या निवडत बसल्या होत्या. त्यांच्या ओळीत शेवटून दुसरी यमू. मी आलेलं तिने पाहिलं होतं, एकदा मान वर केली होती आणि पुन्हा काड्यांत घातली होती.

मी तिला कायमची न्यायला आले होते.

यमू तेव्हा चौदा वर्षांची. जन्मापासून तिची वाढ सावकाश. चालायला चार वर्षं लागली, बोलणं तर आलंच नाही. आई ती तान्ही असतानाच गेली, बापाने दुसरं घर केलं, आणि तिला वाढवलं ते तासगावातच राहणाऱ्या बापाच्या बहिणीने, सोनाआत्तीने. ती आत्ती त्या पौषात वारली. मग यमू आली श्रीपतीकाकाकडे, म्हणजे बापाच्या थोरल्या भावाकडे, या मळ्यात. श्रीपती आणि शेवंता ही साधी, कष्टाची माणसं. पोरगी त्यांना जड झाली होती असं मी म्हणणार नाही. पण मळ्यावरून तासगावला आमच्या केंद्रात रोज तिला आणणार कोण?

आमचं केंद्र बाजाराच्या मागे होतं. दोन खोल्या, तीन शिक्षिका आणि अकरा मुलं. त्यांतली काही बोलत नसत, काही बोलायची थांबत नसत. आम्ही त्यांना बटण लावायला, तोंड धुवायला, भूक लागली की सांगायला, रस्ता ओलांडायला आणि पाहुणे निघाले की त्यांच्या चपला दाराकडे तोंड करून सरळ लावायला शिकवत असू. ही शेवटची माझी हौस. आमच्या मुलांना कुणीतरी, कुठेतरी 'किती शहाणं लेकरू' म्हणावं असं मला फार वाटे.

यमू केंद्रात आली तेव्हा तिला एकच शब्द येत होता. 'ओ.' भूक लागली? ओ. झोपायचं? ओ. तुला मारू? ओ. आत्ती कौतुकाने सांगायची, "कवा न्हाई म्हणून म्हणत न्हाई पोरगी. लई गुणाची." एकदा केंद्रात कुणाच्या तरी डब्यातली कारल्याची भाजी तिला देऊ केली. ती 'ओ' म्हणाली आणि खाल्ली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, तोंड वेडंवाकडं, आणि पुढचा घास समोर धरला की पुन्हा 'ओ'. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. प्रत्येकाला हो म्हणणारी ही पोर उद्या मोठी होणार. तिला कोणीही, कुठेही घेऊन जाईल.

म्हणून मी तिला 'नको' शिकवायला घेतलं. चमच्यात कारलं घ्यायचं, तिच्या पुढे करायचं, मागून तिचा हात धरून तिच्या तळहाताने चमचा दूर सारायचा आणि त्याच क्षणी तो चमचा नाहीसा करायचा. नियम एकच होता. तो मी माझ्या दोघी सहकारी शिक्षिकांना इतक्यांदा ऐकवला होता की माझ्या पाठीमागे त्या माझी नक्कल करत. नको म्हटलं की थांबायचं. लगेच थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही आणि पुन्हा पुन्हा विचारून हो काढून घ्यायचं नाही.

चौदा महिने लागले. आमच्या केंद्राजवळच्या भाजीवालीला वाटत असावं की मला मधुमेह झालाय. आणि मग एका सोमवारी मी चमचा पुढे केला, तर यमूने उजव्या हाताची दोन बोटं माझ्या मनगटावर टेकवली आणि माझा हात हळूच बाजूला केला. ताटाच्या कडेवरची मुंगी बाजूला करावी, तसा. मी शिकवलं होतं ते तळहाताने ढकलायला. दोन बोटं तिची स्वतःची. मी उठून सगळ्यांना पेढे वाटले. पोरगी नको म्हणाली म्हणून पेढे वाटणारी बाई तासगावाने तेवढी एकच पाहिली असेल.

हे सगळं मी श्रीपतीला, शेवंताला पूर्वी सांगितलेलं होतं. ते माना डोलवायचे. बाई शिकलेल्या, बोलतात ते बरोबरच असणार.

"तर मग निघायचं का?" श्रीपतीने टोपी काढून घाम पुसला. "दोनची एस्टी गावली तर सांगलीत उनं उतरायच्या आत पोचाल."

"थांबा जरा," मी म्हटलं. "आधी तिला विचारायचंय."

"कुणाला?"

"यमूला."

श्रीपतीने शेवंताकडे पाहिलं, शेवंताने माझ्याकडे. "तिला काय इचारायचं, बाई?" ती म्हणाली. "तुमच्याकडं ऱ्हायलीया की आठ दिस. रडली न्हाई, भेकली न्हाई. तुमीच सांगितलासा."

खरं होतं. महिन्यापूर्वी मी तिला आठ दिवस सांगलीला माझ्या घरी नेलं होतं. जमतंय का बघायला. दोन खोल्या, आई गेल्यापासून मी एकटी. एकटेपणाचा बाऊ करण्याचा माझा स्वभाव नाही, एक्कावन्नाव्या वर्षी तो शोभतही नाही. पण खरं सांगायचं तर रोज संध्याकाळी कुलूप उघडण्याआधी मी किल्ल्यांचा जुडगा उगाच दोनदा वाजवत असे, आत कुणाला तरी कळावं म्हणून. त्या आठ दिवसांत वाजवला नाही. यमू माझ्याबरोबरच असे. मी खिडकीपाशी तिच्यासाठी खाट टाकली होती. निळी चादर आणताना दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी?" आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "मुलीसाठी." घरी येईपर्यंत तो शब्द मी मनात चघळत होते.

आठही दिवस यमू शहाण्यासारखी राहिली. हट्ट नाही, आरडाओरडा नाही. खिडकीच्या गजांना कपाळ टेकून उभी राहायची. मी शेजारपाजारी सांगून टाकलं, "रमली हो."

"तरीही विचारायचं," मी शेवंताला म्हटलं. "तिचं आयुष्य आहे. तिला विचारल्याशिवाय मी नेणार नाही."

आता कबूल करते. हे मी तत्त्वासाठी म्हटलं, तितकंच मिरवण्यासाठीही. उत्तराची मला खात्री होती. ओळीतल्या त्या सगळ्या बायकांसमोर यमूने माझ्या घराचा फोटो हातात घ्यावा, आणि मुकी म्हणून जिला सगळे हसले तिलाही मत असतं हे त्यांनी पाहावं, असं मला वाटत होतं. त्यासाठी मी मुद्दाम फोटो काढून आणले होते. माझं दार, माझी चूल, खिडकीजवळची खाट आणि तीवरची निळी चादर. फोटो यमूला चांगले समजत. केंद्रात हौदाचा फोटो घेतला की ती हात धुवायला जायची, झोपाळ्याचा घेतला की झोपाळ्याकडे.

"यमू, इकडे ये," मी हाक मारली.

ती उठली. झगा झटकला, कारण तेही मीच शिकवलं होतं. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. केसांत बेदाण्याची एक काडी अडकली होती. हाताला द्राक्षाचा चिकट वास येत होता. बायकांचे हात थांबले.

मी खाटेचा फोटो पुढे केला. "यमू, हे बाईंचं घर. आजपासून तिथे राहायचं. घे."

तिने फोटो पाहिला. नीट पाहिला, वाकून. मग तिची दोन बोटं माझ्या मनगटावर टेकली आणि माझा हात हळूच बाजूला झाला.

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं.

"काय झालं?" श्रीपती म्हणाला.

"काही नाही," मी म्हटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझा स्वतःचा नियम मोडला. फोटो बदलला. मी चुलीपाशी हसत उभी आहे तो फोटो घेतला आणि पुन्हा तिच्यापुढे धरला. "यमू, हे बघ. बाई आहेत इथे. बाईंकडे यायचं?"

दोन बोटं. मनगट बाजूला. या वेळी थोडं घाईने, कारण मला पहिल्यांदा समजलं नसावं असं तिला वाटलं असेल.

श्रीपती हसला. वाईट हसला नाही, मला सावरून घ्यायला हसला. "आवो बाई, फोटूतलं काय कळतंय तिला. तुमी कशाला मनाला लावून घेताय?"

"तोंडानं इचारा की सरळ," शेवंता म्हणाली आणि तिने स्वतःच विचारलं. "यमे, जातीस न्हवं बाईंकडं?"

"ओ," यमू म्हणाली.

"झालं!" श्रीपतीने मांडीवर थाप मारली. "म्हटली की व्हय म्हणून. ऐकलासा न्हवं समद्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. ओळीतली एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "जा बाई, जा. नशीब काढलंस." शेवंताने पिशवी उचलून यमूच्या हातात दिली. यमूने ती घेतली. कुणी देईल ते ती घेतच असे. रस्ता समोर होता, दोनच्या एसटीला अजून पाऊण तास होता, आणि सगळी माणसं मला सांगत होती, न्या.

त्या मळ्यात एवढी माणसं होती, पण त्या 'ओ'ची आणि त्या दोन बोटांची खरी किंमत माहीत असलेलं माणूस एकच होतं. मी गप्प बसले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं. यमूलाही सांगता आलं नसतं. आज त्याला तेवीस वर्षं झाली, पण मी किती वेळ गप्प बसले होते ते मला अजून नेमकं आठवतं. शेडमागे विहिरीवरची मोटर चालू होती, ती बंद होईपर्यंत.

कोणीही तिला कुठेही घेऊन जाईल, अशी मला भीती वाटली होती. त्या 'कोणीही'मध्ये मी स्वतःला धरलं नव्हतं.

"यमू," मी म्हटलं, "कारलं खाशील?"

"ओ."

"यमू, त्या विहिरीत उडी मारशील?"

"ओ."

शेवंताने पदर तोंडाला लावला. "आगं बाई! आवो, असलं काय इचारताय लेकराला!"

"तिच्या 'ओ'ला काही अर्थ नाही, काकू. कुणीही काहीही विचारलं तरी ती तेच म्हणते. अर्थ आहे तो या बोटांना." मी माझं मनगट पुढे केलं, जणू तिथे काही उमटलेलं दिसणार होतं. "हे नको आहे. तिचं खरं नको. दोनदा सांगितलंय तिने. ती नाही येत."

"म्हंजे?" श्रीपती गोंधळला. "एवढं खाट-बीट मांडून ठेवलासा, आन् आता पोरीनं बोट लावलं म्हणून..."

"तुम्ही तिला ठेवून घ्याल का, तेवढं सांगा."

"ठिऊन घ्याल का म्हंजे काय? भावाची पोर हाय माझ्या. आमी काय तिला हाकलत न्हवतो. शिकंल, सुधारंल म्हणून तुमच्याकडं धाडत हुतो."

"मग राहू दे तिला इथेच."

शेवंताने चहा आणला. माणसाला काही सुचेनासं झालं की आपल्याकडे चहा येतो, ते बरंच आहे. मला कपबशी दिली, श्रीपतीला दिली आणि यमूच्या हातात एक स्टीलचा पेला दिला. नुसता दिला. यमूने दोन्ही हातांनी धरला आणि फुंकर मारून पिऊ लागली.

माझा हात मात्र अर्धवट वर गेला होता. तोंडापर्यंत आलेले शब्द मी गिळले. 'थांब यमू. काय हवंय? आधी दाखव.'

माझ्या घरात आठ दिवस असंच चाललं होतं. पाणी हवं? दाखव. भात हवा? चित्र दे. अजून हवा? पुन्हा दे. शाब्बास! सकाळच्या दुधापासून झोपायच्या उशीपर्यंत तिला एकही गोष्ट मी अशी दिली नव्हती. मला वाटलं होतं, घर दिलं. दिला होता तो आठ दिवसांचा वर्ग, मधली सुट्टीसुद्धा नसलेला. आणि मी नव्या शिक्षिकांना काय सांगत असे? मूल शांत आहे म्हणजे ते आनंदात आहे असं समजू नका. गजांना कपाळ टेकलेली ती पोर रोज माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी शेजारणीला म्हणत होते, रमली हो.

आणखी एक आठवलं. सहाव्या सकाळी मी तिची वेणी घालत होते. तिने हात मागे आणून माझ्या मनगटावर दोन बोटं टेकवली होती. मी म्हटलं, ओढली जातेय वाटतं. आणि फणी बदलली.

चहा संपला. यमू पेला विसळून पालथा घालून आली आणि ओळीत आपल्या जागी बसली. शेजारच्या म्हातारीने न बोलता मूठभर बेदाणे तिच्यापुढे सरकवले. निवडायला होते की खायला, कुणास ठाऊक. यमूने दोन्ही केलं.

"काकू," मी म्हटलं, "एक लक्षात ठेवाल? तिने मनगटाला दोन बोटं लावली की थांबायचं. जे काय करत असाल ते."

"आन् अंघोळीला न्हाई म्हटली तर?"

"पाच मिनिटं थांबायचं. मग पुन्हा."

"आन् तवाबी न्हाईच म्हटली तर?"

"तर एक दिवस बिनअंघोळीची राहील. पण बाहेरच्या माणसाला बोटं लावलेली दिसली, तर पाच मिनिटंसुद्धा थांबू नका. तिथल्या तिथे जाऊन उभ्या राहा."

शेवंताला कळलं. बाईमाणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. "ध्यानात ठिवीन," ती म्हणाली, "आन् ह्यांनाबी सांगीन."

आमच्या केंद्राने मग आठवड्यातून एकदा मळ्यावर माणूस पाठवायचं ठरवलं. दोघी सहकारी आळीपाळीने जात. मी गेले नाही. पहिल्या वर्षी जाववलं नाही, आणि नंतर वाटलं, आता गेले तर तिला पुन्हा फोटो दाखवायला आले असं वाटेल. एक सहकारी मात्र एकदा सांगत आली की शेवंताकाकू आता कामाच्या बायकांनाही दटावते, "बोटं लावली न्हवं तिनं? मग सरका तिकडं." ते ऐकून मी न्हाणीत जाऊन रडले, आनंदाने आणि दुसऱ्याही कशाने.

पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी मी खुर्चीवरून उठले. फोटो पर्समध्ये टाकले. श्रीपती मला फाट्यापर्यंत सोडायला सायकल काढायला गेला. "मी निघते यमू," मी म्हटलं.

ती उठली. मला वाटलं, येतेय. एका क्षणापुरतं खरंच वाटलं, लपवत नाही.

ती माझ्या बाजूने पुढे गेली, पडवीच्या पायरीपाशी वाकली. तिथे मी आल्या आल्या चपला काढल्या होत्या, घाईत, एक इकडे एक तिकडे. तिने त्या दोन्ही उचलल्या, शेजारी शेजारी ठेवल्या, रस्त्याकडे तोंड करून. मग मागे सरून उभी राहिली आणि मी घालते का ते बघू लागली.

सुरुवातीची दोन वर्षं ती डावी-उजवी चुकायची. त्या दिवशी चुकली नाही.

मी चपला घातल्या. "शाब्बास, यमू," मी म्हटलं. मुलाला बरोबर जमलं की ते म्हणायचंच असतं.